हेडफोनला लाइक हजारो, पण विसार कितींचा?

डिसेंबर २०२० मध्ये ॲपलनं एअरपॉड्स मॅक्स भारतात ५९,९०० रुपयांना आणला. एवढ्या पैशात सेकंड हँड बाइक येते, मग हेडफोन कोण घेणार, हा पहिला प्रश्न साहजिकच होता. पण ज्यांना चांगल्या आवाजाचा नाद आहे, त्यांच्या जगात हा आकडा फार मोठा नाही. फ्रान्सच्या फोकल कंपनीनं २०१६ मध्ये 'युटोपिया' नावाचा हेडफोन काढला, त्याची किंमत चार हजार डॉलरच्या घरात होती. जर्मनीच्या सेनहायझरचा 'एचई १' तर संगमरवरी बैठकीच्या ॲम्प्लिफायरसकट पन्नास हजार युरोच्या आसपास जातो. म्हणजे पुण्यात वन बीएचके बुक करताना जेवढं डाउन पेमेंट लागतं, त्याहून जास्त पैसे कानावर.

अशा वस्तूला गिऱ्हाईक असतं, हे तर दिसतंच. खरा प्रश्न वेगळा आहे. ते गिऱ्हाईक नेमकं किती आहे, हे हेडफोन बनवण्याआधी कसं कळणार?

दीड हजाराच्या इअरबड्सना हा प्रश्न एवढा छळत नाही. बोट या ब्रँडची मालक असलेल्या इमॅजिन मार्केटिंग कंपनीनं जानेवारी २०२२ मध्ये २,००० कोटींच्या आयपीओचा मसुदा सेबीकडे दिला होता आणि त्याच वर्षी तो मागेही घेतला. आयपीओचं काहीही होवो, धंद्याचं गणित सोपं होतं. स्वस्त माल भरपूर काढायचा, एखादं मॉडेल पडलं तर सेलमध्ये काढून टाकायचं, दोन महिन्यांत दुसरं आणायचं. मागणी किती, याचं उत्तर बाजारच देतो.

महागड्या हेडफोनला ही सोय नसते. त्याचे साचे, आतला ड्रायव्हर, कानाच्या गाद्या, सगळ्याचा खर्च आधी होतो आणि तो थोड्याच नगांवर वसूल करायचा असतो. तीनशे विकले जातील म्हणून बनवले आणि ऐंशीच गेले, तर उरलेले दोनशे वीस गोदामात पडून राहतात. मग किंमत पाडावी लागते. किंमत पाडली की ज्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे मोजले तेच लोक सगळ्यात जास्त चिडतात, आणि या छंदात तोंडी प्रसिद्धी करणारेही तेच असतात.

गोसीखुर्दहून हा प्रश्न कसा दिसतो?

गोसीखुर्द म्हटलं की धरण आठवतं. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवरचं हे धरण, २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालेलं, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळालेलं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. अंदाज चुकला की काय होतं, हे या गावाला कुणी शिकवायला नको.

हेडफोनचा आणि या गावाचा संबंध काय, असं वाटेल. संबंध दोन आहेत. एक म्हणजे, महागडा हेडफोन कानाला लावून बघता येईल असं दुकान गोसीखुर्दला नाही, पवनीतही नाही. त्यामुळे तिथला एखादा शौकीन कंपनीच्या हिशेबात कधी येत नाही. त्याबद्दल पुढे बोलू. दुसरा संबंध असा की, 'लोक येतील का' हा प्रश्न कसा सोडवायचा, याचं एक जुनं आणि चोख उत्तर याच पट्ट्यात दर वर्षी बघायला मिळतं. ते म्हणजे झाडीपट्टीची नाटकं.

दिवाळी सरली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात. नाटक कंपन्यांची कार्यालयं मुख्यतः वडसा देसाईगंजला. आता, एखाद्या गावात किती तिकिटं जातील याचा अंदाज ही कंपनी स्वतः बांधत बसत नाही. गावातलं मंडळ कंपनीकडे जातं, प्रयोगाची रक्कम ठरते, विसार दिला जातो आणि तारीख पक्की होते. मंडप, तिकिटं, जाहिरात हे सगळं मंडळाच्या अंगावर. गर्दी झाली तर फायदा मंडळाचा, नाही झाली तर तोटाही मंडळाचाच.

यात गंमत काय आहे? 'तुमचं नाटक आमच्याकडं फार चालेल हो' असं म्हणणारी दहा गावं असतात. कंपनी त्या दहा गावांची यादी करत नाही, विसार दिलेल्या चार गावांची करते. शिवाय मंडळाला आपलं गाव माहीत असतं. मंडईला कुणाकडं किती पाहुणे येतात, शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक आहे का, धानाला यंदा भाव काय मिळाला, हे वडशात बसून कळत नाही. ज्याला माहिती आहे त्याच्याच खिशाला चिमटा बसतो, म्हणून तो अंदाज खरा सांगतो.

हेडफोनच्या धंद्यात गेली पंधरा-वीस वर्षं जे प्रयोग चालू आहेत, ते सगळे फिरून याच विसारापाशी येतात.

'घेणार का?' असं विचारलं की लोक हो म्हणतात

कंपनीनं सोशल मीडियावर फोटो टाकला, खाली विचारलं, 'असा हेडफोन आणला तर घ्याल का?' हजार लोकांनी हो म्हटलं. हे हजार गिऱ्हाईक धरायचे का?

नाही. आणि लोक खोटं बोलतात म्हणून नाही. हो म्हणताना खिशातून काही जात नसतं, म्हणून. संशोधनाच्या भाषेत याला काल्पनिक होकाराचा दोष म्हणता येईल. खरेदीचा प्रश्न खरा नसला की माणूस आपल्या आवडीबद्दल उत्तर देतो, आपल्या बजेटबद्दल नाही. शौकिनांच्या बाबतीत तर हे जास्तच होतं. नवीन वस्तूवर चर्चा करणं हाच त्यांचा छंद असतो. बाजारात येणाऱ्या प्रत्येक हेडफोनवर मत असलेला माणूस पाच वर्षांत एकच हेडफोन घेतो, असंही असतं.

म्हणून सरळ प्रश्न न विचारता आडून विचारायच्या पद्धती निघाल्या. पीटर व्हॅन वेस्टनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञानं १९७६ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात. त्यात 'घ्याल का' हा प्रश्नच नसतो. चार प्रश्न असतात. कोणत्या किमतीला ही वस्तू इतकी महाग वाटेल की विचारच सोडून द्याल? कोणत्या किमतीला महाग वाटेल, पण तरी विचार कराल? कोणत्या किमतीला स्वस्तात मिळाली असं वाटेल? आणि कोणत्या किमतीला इतकी स्वस्त वाटेल की मालातच काही खोट आहे अशी शंका येईल?

चौथा प्रश्न मोठा मजेशीर आहे. हेडफोनसारख्या वस्तूत तो सगळ्यात जास्त बोलतो. उत्तम आवाजाचा हेडफोन चार हजारांना देऊ केला तर शौकीन म्हणतो, काहीतरी गडबड आहे. चारही प्रश्नांच्या उत्तरांचे आलेख एकमेकांवर ठेवले की कोणत्या पट्ट्यात किंमत बसेल याचा अंदाज येतो. पण किती नग जातील, हे मात्र त्यातून कळत नाही.

त्याहून कडक पद्धत बेकर, डीग्रूट आणि मार्शाक या तिघांनी १९६४ मध्ये मांडली. ती चिठ्ठ्यांसारखी चालते. तुम्ही या हेडफोनसाठी जास्तीत जास्त किती द्याल, तो आकडा लिहून द्यायचा. मग डब्यातून एक किंमत काढायची. निघालेली किंमत तुमच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर त्या निघालेल्या किमतीला वस्तू घ्यावीच लागते. जास्त असेल तर मिळत नाही. यात आकडा फुगवला तर नको त्या किमतीला वस्तू गळ्यात पडते, दाबून सांगितला तर हवी असलेली वस्तू हातची जाते. खरं सांगण्यातच शहाणपण असतं. अडचण एवढीच की, साठ हजारांच्या वस्तूसाठी हा खेळ कोण खेळणार? प्रयोगशाळेत ही पद्धत छान चालते, बाजारात नाही.

एकत्र खरेदी : भिशीचा चुलतभाऊ

बाजारात चाललं ते वेगळंच. अमेरिकेत २०१२ च्या सुमारास मासड्रॉप नावाची कंपनी सुरू झाली. कल्पना आपल्याकडच्या भिशीच्या जवळची. एकाच वस्तूची आवड असलेले लोक एकत्र आणायचे, कोणती वस्तू हवी यावर मतदान घ्यायचं, मग पुरेसे लोक पैसे द्यायला तयार झाले की कंपनीकडून घाऊक भावात माल उचलायचा. जितके लोक वाढतील तितकी किंमत उतरायची.

मतदान तर कुणीही घेतं, पण इथं मतदानानंतर लगेच पैशांची पायरी होती. कोणत्या वस्तूला मतं पडली आणि त्यातल्या किती जणांनी खरंच कार्ड काढलं, हे दोन्ही आकडे एकाच ठिकाणी जमत गेले. मताचा आणि पैशाचा हिशेब असा शेजारी-शेजारी ठेवायला मिळणं ही कोणत्याही कंपनीसाठी चैन आहे.

त्याच जोरावर २०१६ च्या शेवटी या कंपनीनं सेनहायझरबरोबर 'एचडी ६एक्सएक्स' आणला. मुळात हा २००३ पासून बाजारात असलेला एचडी ६५० च. रंग गडद निळा केला, केबल आखूड केली, खोका साधा केला. एचडी ६५० ची छापील किंमत पाचशे डॉलरच्या आसपास होती, हा १९९.९९ डॉलरला दिला. तेव्हाच्या दरानं साडेतेरा हजार रुपये. पहिली खेप ५,००० नगांची काढली आणि पैसे आधी घेऊन माल काही महिन्यांनी द्यायचं ठरलं. ती खेप बघता बघता संपली, मग दुसरी, मग तिसरी. मर्यादित म्हणून सुरू झालेला हेडफोन पुढे कित्येक वर्षं विकला गेला.

यातून सेनहायझरला जे कळलं ते साध्या सर्वेक्षणातून कळलं नसतं. पाचशे डॉलरला न घेणारे, पण दोनशेला लगेच घेणारे हजारो लोक जगभर बसून होते. हेडफोनचं वय तेरा वर्षं होऊनही नाव टिकून होतं. आणि चकचकीत खोका नसला तरी या गिऱ्हाइकाला चालत होतं. उलट खोका साधा असणं त्याला आवडलंच.

सेनहायझरनं एकदा याच्या अगदी उलट रस्ताही घेतला होता. १९९१ मध्ये काढलेल्या 'ऑर्फियस' हेडफोनचे फक्त ३०० संच बनवायचं आधीच ठरवलं. मागणी मोजायची भानगडच नाही. तीनशे लोक जगात मिळतीलच, एवढाच अंदाज पुरेसा. 'मर्यादित आवृत्ती' हा शब्द जाहिरातीत रुबाबदार दिसतो, पण अनेकदा त्याच्यामागं 'किती खपेल ते आम्हाला माहीत नाही' एवढंच असतं.

आणि शौकिनांचं प्रेम म्हणजे धंदा नव्हे, याचा दाखलाही याच कंपनीकडे आहे. १९४५ पासून एका कुटुंबाच्या मालकीची असलेल्या सेनहायझरनं २०२१ मध्ये ग्राहकांसाठीच्या हेडफोनचा विभाग स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा कंपनीला २० कोटी युरोंना विकायचं ठरवलं. सोनोव्हाचा मुख्य धंदा कानाच्या मशीनचा, म्हणजे श्रवणयंत्रांचा. व्यवहार मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाला. ज्या हेडफोनवर लोक शपथा घेतात, तो विभाग मूळ कुटुंबानं ठेवला नाही.

विसार मिळूनही बुडालेली कंपनी

इथपर्यंत वाचून वाटेल की पैसे आधी घेतले की झालं. ऑसिकची गोष्ट त्यासाठीच सांगायला हवी.

ऑसिक ही कॅलिफोर्नियातली कंपनी. २०१६ मध्ये तिनं 'ऑसिक एक्स' नावाचा हेडफोन किकस्टार्टरवर मांडला. डोकं फिरवलं तरी आवाज आपल्या जागेवरूनच येतोय असं वाटेल, कानाच्या आकाराप्रमाणं तो स्वतःला जुळवून घेईल, असा दावा. मागितले होते एक लाख डॉलर, जमले सत्तावीस लाख. दहा हजारांहून जास्त लोकांनी पैसे दिले. पुढच्या नोंदणीसकट आकडा सुमारे २२,००० नगांवर गेला. विसाराच्या भाषेत याहून पक्की मागणी कोणती?

मे २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. लोकांच्या हातात पडले अडीचशेच्या आसपास हेडफोन. बाकीच्यांना ना हेडफोन मिळाला, ना पैसे. मोठ्या प्रमाणावर उत्पादन करायला आणखी वीस लाख डॉलरहून जास्त लागतील आणि ते आपल्याकडे नाहीत, असं कंपनीनं सांगितलं.

चूक कुठं झाली? मागणी मोजण्यात नाही. मागणी खरी होती, पण ती दोनशे-अडीचशे डॉलरच्या किमतीला होती आणि त्या पैशात तो हेडफोन बनत नव्हता. अशा वेळी गिऱ्हाईक जितकं वाढतं तितका खड्डा खोल होतो. हजार लोकांनी पैसे दिले असते तर कदाचित कसंतरी निभावलं असतं, बावीस हजारांना द्यायचं म्हणजे कारखाना उभा करण्यासारखं होतं. झाडीपट्टीतल्या कंपनीला नाटक आधीच येत असतं, तालीम झालेली असते, म्हणून तिथला विसार सुरक्षित. इथं नाटक लिहून व्हायच्या आधीच सगळ्या तारखा विकल्या गेल्या.

मराठी वाचकाला याचा एक घरचा नमुना माहीत असायला हवा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ मध्ये नागपूरला ज्ञानकोश मंडळ ही लिमिटेड कंपनी काढली. एकही खंड छापलेला नसताना तेवीस खंडांच्या ज्ञानकोशासाठी कंपनीचे भाग विकायचे, आगाऊ ग्राहक नोंदवायचे, असा तो खटाटोप होता. काम पुढे पुण्यात हललं आणि १९२० नंतरच्या दशकात खंड एकेक करून बाहेर पडले. इंग्रजी विश्वकोश घेणारे थोडेच असलेल्या काळात मराठी कोशाला किती वर्गणीदार मिळतील, हे सांगणारं कुणी नव्हतं. लोकांकडून पैसे घेऊनच ते शोधावं लागलं. आजही मोठ्या संचांना प्रकाशक 'प्रकाशनपूर्व सवलत' देतात ती काही नुसती सवलत नसते. किती प्रती छापायच्या, याचं उत्तर त्यांना त्यातून हवं असतं.

भारतात मोजमाप आणखी अवघड का?

भारतात येणारा महागडा हेडफोन बहुतेक वेळा आयात केलेला असतो. त्यावर सीमाशुल्क लागतं आणि मग सीमाशुल्क धरून झालेल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे करावर कर. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात कानात घालायच्या उपकरणांचं देशात उत्पादन वाढावं म्हणून शुल्काची पायऱ्यांची रचना जाहीर झाली होती. हजार-दोन हजारांच्या मालाला त्याचा उपयोग आहे, कारण तो इथं लाखोंनी जोडता येतो. वर्षाला दोनशे नग जाणाऱ्या हेडफोनसाठी इथं कारखाना कोण टाकेल? २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. हेडफोन आधीच १८ टक्क्यांत होता, त्यामुळे तिथं काही हललं नाही.

याचा मागणी मोजण्याशी संबंध असा की, परदेशातल्या किमतीवर मिळालेला होकार भारतात लागू होत नाही. दोनशे डॉलरला हो म्हणणारा इथं कर, वितरक, दुकानदार यांची भर पडून तयार झालेल्या किमतीला नाही म्हणू शकतो. मग त्यातले काही जण दुबई-सिंगापूरहून येणाऱ्या नातेवाइकाला सांगतात. त्या खरेदीची नोंद भारतात होत नाही. कंपनीच्या वहीत भारतातली मागणी कमी दिसते, म्हणून माल कमी येतो, माल कमी म्हणून किंमत चढी राहते, आणि पुन्हा लोक दुबईचाच रस्ता धरतात.

दुसरी अडचण ऐकून बघण्याची. हेडफोनच्या किमतीवरून त्याच्या आवाजाचा अंदाज बांधता येत नाही. येरून ब्रीबार्ट या संशोधकानं २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. कोणत्या स्वराला हेडफोन किती उठाव देतो, याचा आणि किमतीचा काही संबंध आहे का, हे त्याला बघायचं होतं. संबंध सापडला नाही. अर्थात आराम, टिकाऊपणा, आवाजातली स्वच्छता हे मुद्दे वेगळे. पण महाग म्हणजे कानाला गोड, हे समीकरण त्या तपासणीत टिकलं नाही.

म्हणजे घेणाऱ्याला तो कानावर चढवूनच बघावा लागतो. किशोरी आमोणकरांचा एखादा ख्याल ओळखीचा असेल, त्यातला तानपुरा कुठे आणि किती ऐकू येतो हे माहीत असेल, तर दहा मिनिटांत हेडफोनची जात कळते. माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून ती कळत नाही. मुंबई-पुण्यात शोधलं तर ऐकून बघायची सोय असलेली दुकानं सापडतात. लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीत हिंडून निदान हातात तरी घेता येतो, पण तिथंही साठ हजारांचा खोका कुणी सहज फोडून देत नाही.

जो मोजलाच जात नाही

आता परत गोसीखुर्दकडे. समजा, तिथं एक तरुण आहे. झाडीपट्टीच्या नाटकांना संगीत देतो, घरीच लॅपटॉपवर गाणी मिक्स करतो. त्याला चांगल्या हेडफोनची गरज पुण्यातल्या हौशी श्रोत्यापेक्षा जास्त आहे, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. गाण्यातला ढोल स्पीकरवर कसा वाजेल हे त्याला हेडफोनवरच ठरवायचं आहे.

कंपनीला हा तरुण दिसतो का? दुकानदाराकडे तो जात नाही, कारण दुकान नाही. मुंबईत होणाऱ्या आवाजाच्या साधनांच्या प्रदर्शनाला एका रात्रीचा प्रवास करून जावं लागतं, आणि हंगामात तर प्रयोग सोडून जाता येत नाही. इंग्रजीत चाललेल्या चर्चेत तो बोलत नाही. ऑनलाइन दुकानावर त्यानं दहा वेळा तो हेडफोन उघडून बघितला असेल, पण कोणत्या पिनकोडवरून किती जणांनी काय बघितलं, ही माहिती त्या दुकानाकडे राहते, हेडफोनवाल्या कंपनीकडे सहसा येत नाही. शेवटी हिंमत करून घेतलाच, तर नागपूरला राहणाऱ्या भावाच्या पत्त्यावर मागवतो, कारण परत करायची वेळ आली तर तिथून सोपं पडतं. खरेदीची नोंद नागपुरात होते आणि भंडारा जिल्ह्याच्या रकान्यात शून्य राहतो.

मग पुढच्या वर्षी कुणी वितरक नकाशा घेऊन बसला की म्हणतो, तिकडं मागणी नाही. खरं तर तिकडं मोजायची सोय नाही. उत्साही गिऱ्हाइकाचा अंदाज घेताना कंपन्या सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांना मोजतात आणि ते बहुतेक मोठ्या शहरातले, इंग्रजीत लिहिणारे, आधीच दोन-तीन हेडफोन असलेले असतात. त्यांच्या मतावर बनलेला हेडफोन त्यांच्याचसारख्यांना आवडतो. वर्तुळ पूर्ण होतं आणि सर्वेक्षण बरोबर आलं असं वाटतं.

हे बदलायला फार मोठं काही लागत नाही. एखाद्या वितरकानं दोन-तीन नमुन्याचे हेडफोन नागपूरला ठेवले, परत येणारी अनामत घेऊन चार दिवस घरी न्यायला दिले, तर कोण किती लांबून येतं हे महिन्याभरात दिसेल. घरी नेलेल्यातले किती जण परत न करता ठेवून घेतात, हा आकडा हजार लाइकपेक्षा जड आहे. जुन्या हेडफोनचा बाजारही बोलका असतो. वर्षभर वापरलेला हेडफोन मूळ किमतीच्या जवळपास विकला जात असेल, तर मागणी खोल आहे. नवा येऊन महिना व्हायच्या आत दहा जण तो विकायला काढत असतील, तर पहिल्या आठवड्यातली झुंबड नुसत्या कुतूहलाची होती.

विसार देणाऱ्यानं काय बघायचं?

सोशल मीडियावर 'पहिल्या शंभर जणांना खास किंमत' अशी जाहिरात दिसली, तर ती कंपनी तुमच्याकडून मागणी मोजून घेत असते. त्यात वाईट काही नाही, फक्त धोका कुणाच्या अंगावर आहे ते ओळखायला हवं. किकस्टार्टरसारख्या ठिकाणी दिलेले पैसे ही खरेदी नसते, एखादा प्रकल्प उभा राहावा म्हणून दिलेला तो आधार असतो. वस्तू येईलच, अशी हमी ते संकेतस्थळ देत नाही. परदेशी कंपनी बंद पडली तर भारतात बसून हाती फारसं काही लागत नाही.

भारतातल्या विक्रेत्याकडे प्री-ऑर्डर केली तर गोष्ट वेगळी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला परताव्याच्या अटी दाखवाव्या लागतात, माल आयात केलेला असेल तर आयातदाराची माहिती द्यावी लागते, आणि तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. तिथं दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग.

२०१९ च्या कायद्यानं यात एक मोठा बदल केला, जो गावाकडच्या ग्राहकाला फारसा कुणी सांगत नाही. तक्रार विक्रेत्याच्या शहरात जाऊनच करायची, असं आता राहिलं नाही. ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडेही ती करता येते. विक्रेता चेन्नईचा असो की बंगळुरूचा, गोसीखुर्दचा ग्राहक भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. त्यासाठी पैसे भरल्याची पावती, माल कधी देणार ते लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवायचा. पैसे भरले त्याच दिवशी ते पान साठवून ठेवलेलं बरं, कारण तारीख पुढे ढकलली की जुनी तारीख पानावरून निघून जाते.